धोटे

कॉलेजांच्या कबड्डीची फायनल होती, गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई कडोदऱ्याच्या मुलीची. तिचा आवाज पंचांना ऐकू जाऊ नये म्हणून बमरोलीचे आमचे लूमवाले मागावरचे जुने लाकडी धोटे एकमेकांवर बडवत होते. सगळ्यांत पुढं आमच्या कॅप्टन सोनालीचे आबा. सोनालीनं मुलीची कंबर धरली, तशी ती गुडघा पिरगळून कोसळली. धोटे आणखी जोरात वाजू लागले, तिचा दम तुटला असं समजून पंचांनी शिटी तोंडाला लावली. सोनाली पकड सोडून ओरडली, “आबा, मानूस पडना! बंद करा!” कारखान्यात माणूस पडल्याची ही हाक आली की लूम आधी बंद होतात आणि पडलेला उठेपर्यंत सुरू होत नाहीत. धोटे जागीच थांबले. त्या शांततेत ऐकू आलं, ती अजून पुटपुटत होती, “कबड्डी, कबड्डी...” सरपटत तिनं मधली रेघ शिवली. आम्ही हरलो. सोनालीनं तिला उभं केलं. मगच आबांनी धोटे पुन्हा वाजवले.