लिंबाचा डबा

निर्वासितांना मायदेशी परत पाठवायला सरकारने अखेर निधी मंजूर केला, तेव्हा आईला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. सव्वीस वर्षं तिला "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर मिळत आलं होतं. म्हणून लिंबाचं झाडसुद्धा तिने जमिनीत लावलं नाही. बाबांनी घडवलेल्या पत्र्याच्या डब्यात लावलं. "मंजुरी आली की डबा उचलायचा आणि निघायचं," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

त्या सकाळी धुक्यात अंगण तरंगत असल्यासारखं वाटत होतं. आई आतून हाक मारेल, असं राहून राहून वाटत होतं. परत जाण्याच्या संमतीचा फॉर्म पायरीवर ठेवून मी आधी डबा उचलायला गेले. तो हलेचना.

"उगाच कंबर धरून बसशील," पायरीवरून बाबा म्हणाले. "त्याला बूड नाहीये. मुळं केव्हाच जमिनीत गेलीत."

"गंजलं?"

"कापलं. तू चालायला शिकलीस, या अंगणात पहिलं पाऊल टाकलंस ना, त्याच दुपारी तुझी आई माझी पत्रा कापायची कात्री घेऊन बसली होती. 'कुणाला सांगू नका,' म्हणाली. 'आणि मलाही कधी आठवण करून देऊ नका.'"