पाठ झालेली प्रार्थना
बाप गेला की लेकानं कबरीपाशी कद्दिश म्हणायचा, ही ज्यू लोकांची रीत मला एझ्राकडूनच ठाऊक. दौंडच्या रेल्वेत आम्ही दोघांनी एकत्र नोकरी केली. एझ्राला ती प्रार्थना कवा जमलीच न्हाई. सोताच्या बापाच्या मातीला त्यो नुसता हात जोडून हुभा ऱ्हायला, ते त्याच्या मनाला लई लागलं व्हतं. म्हणूनच त्याचा पोरगा गेर्शोन कारेगावच्या कंपनीतनं सुटी काढून पुण्याला जायचा. तिथल्या फेलोशिपमधी ज्यू पोरापोरींना धर्म शिकवायचे, आन् उद्या आपला समाज कसा सांभाळायचा त्येबी. परवा तिथनंच घरी येताना ट्रकनं त्याची गाडी उडवली, पोरगं जागीच गेलं. आज कबरस्तानात त्यांची दहा माणसं जमली, तेवढी असल्याबिगर कद्दिश म्हणत न्हाईत. प्रार्थना सांगणारे काका हळूच म्हणाले, “एझ्राभाऊ, माझ्यामागून म्हणा.” एझ्रा पहिल्याच शब्दाला अडखळला. मग त्यानं खिशातनं मोबाईल काढला, आन् गेल्या आठवड्यात गेर्शोननं धाडलेलं रेकॉर्डिंग लावलं. पोरगं कद्दिश म्हणत व्हतं, कुठंबी न अडखळता. बाकीचे मधूनमधून ‘आमेन’ म्हणत गेले. प्रार्थना सरली. मी मोबाईल बंद कराया हात फुडं केला, तसं एझ्रानं माझं मनगट धरलं. “थांब, रखमाजी. त्याचं बोलणं संपलं न्हाई अजून.” मोबाईलमधनं गेर्शोन हसला. “झालं पाठ, बाबा. आता तुम्ही खुशाल म्हातारे व्हा.”