कडेची खुर्ची

“कुठल्या देऊ, काका?”

तिकीट खिडकीतल्या मुलीनं मॉनिटर त्याच्याकडं वळवला. खुर्च्यांच्या रांगाच रांगा.

□ □ □ □   □ □ □ □
□ □ □ □   □ □ □ □
□ □ □ □   □ □ □ □

“हिरव्या रिकाम्या. लाल गेल्या.”

जुन्या टॉकीजच्या निवृत्त ऑपरेटरनं चष्मा सारखा केला. बत्तीस वर्षं त्यानं लोकांना सिनेमे दाखवले, पण वरच्या केबिनमधून, भिंतीतल्या भोकाला डोळा लावून, उभ्यानं. खुर्चीत बसून एकही पाहिला नव्हता. बोट वर गेलं, खाली आलं, परत वर.

“ही पहिली रांग की शेवटची?”

“पडदा खाली आहे ना, काका.”

“म्हणजे केबिन वर.”

“कसली केबिन?”

मागून आवाज आला, “आजोबा, सिनेमा बघायचाय की प्लॉट घ्यायचाय?”

“तूच सांग बाई,” तो शेजारी उभ्या बायकोला म्हणाला.

“मी काय सांगू? अख्खं थिएटर तुम्ही वरून बघितलंय.”

बघितलं होतं खरं. दर शुक्रवारी दुपारच्या खेळाला बायको त्या टॉकीजमध्ये यायची. शेवटून तिसरी रांग, मधल्या वाटेजवळ. कडेची खुर्ची सोडून आतल्या खुर्चीत बसायची आणि कडेच्या खुर्चीवर पांढरा रुमाल टाकायची. कुणी बसायला आलं की हातानं नाही म्हणायची. येणारं आहे कुणीतरी.

कोण?

येताना कधी कुणी दिसलं नाही. पण दर वीस मिनिटांनी रीळ बदलायचं, तेव्हा भोकाकडं पाठ. तेवढ्यात कुणी येऊन गेलं असेल तर? आज विचारू, उद्या विचारू. सुरुवातीला प्रश्न ओठांवर यायचा आणि तो गिळायचा. पुढं विचारायचं वयच निघून गेलं.

“काका?”

बोट टेकलं. शेवटून तिसरी रांग, मधल्या वाटेजवळच्या दोन. तिथंच का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

□ □ □ □   ■ ■ □ □

बायकोनं मॉनिटरकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

आत दिवे मंदावत होते. ती पुढं झाली, आतल्या खुर्चीत बसली, पर्समधून रुमाल काढला आणि कडेच्या खुर्चीवर टाकला.

ऑपरेटर वाटेतच थबकला. बसावं? की ज्याची आहे त्याची वाट बघावी?

“कुणासाठी गं?”

“काय कुणासाठी?”

“रुमाल. तिकडंही टाकायचीस. दर शुक्रवारी.”

ती वळली.

“वरून दिसायचा?”

“लख्ख दिसायचा.”

“मला वाटायचं, दिसतच नसेल तुम्हाला. नाहीतर उतरला असतात की खाली.”

तिनं रुमाल उचलला. खुर्ची मोकळी होती आणि तो अजून उभाच होता. तेवढ्यात मागच्या भोकातून उजेडाचा झोत सुटला. लोक ओरडले, “ओ, बसा की खाली!”

पडद्यावर एक डोकं उमटलं होतं. भलंमोठं, काळं.

कुणाचं, ते त्याला पटकन कळेना.