वरची खूण

साखरेच्या डब्यात चष्मा. एकाच कुंडीला तीनदा पाणी. पत्ता न लिहिताच टाकलेलं पत्र. आणि आता बाबांच्या हातात ऑइलचा डबा. बागेचा जुना ट्रॅक्टर यापुढेही बाबांच्याच हाती ठेवायचा की नाही, हे शेजारी उभे असलेले बागेचे साहेब आज ठरवणार होते. ऑइल मोजायची पट्टी न बघताच बाबांनी इंजिनाचं झाकण उघडलं. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. अजून ओतलं असतं तर इंजिनाने धूर ओकला असता. “बाबा, थांबा. मी सकाळीच भरलंय, सांगायचं विसरले.” डबा हवेतच थांबला. बाबांनी पट्टी पुसली, बुडवली, पुन्हा काढून पाहिली. “साहेब, हिचं डोकं मानेला चिकटलंय म्हणून बरं. नाहीतर तेही विसरून आली असती.” साहेब हसले आणि ट्रॅक्टर बाबांकडेच ठेवायच्या कागदावर त्यांनी सही केली. सकाळी सहा वाजता बाबांनीच ऑइल भरून मला पट्टी दाखवली होती.