मागचा कन्सोल

"बा, दोन्ही कन्सोल तेच सांगतात," मोतनने बोटीच्या मागच्या टोकावरून हाक दिली. "खाली मासळी नाही."

हिराजी तांडेलाने पुढच्या कन्सोलकडे संशयाने पाहिलं. समुद्रात आवाज सोडून मासळी शोधणाऱ्या या यंत्राने आठवडाभर बोट रिकामीच फिरवली होती. आजही तसंच झालं, तर खलाशी दुसऱ्या बोटीवर जाणार होते. म्हणून त्याच्या लेकीने, मोतनने, पडताळणीसाठी मागे दुसरा कन्सोल बसवला होता, पहिल्याशी एकाही तारेने न जोडता.

"तुझापण फितूर झाला," हिराजी म्हणाला.

"कसा होईल? ते एकमेकांशी बोलूच शकत नाहीत."

हिराजीने लांब बांबू पाण्यात सोडला आणि वरच्या टोकाला कान लावला. घोळ मासे घुमतात तो आवाज बांबूतून वर येतो, हे त्याला आजोबांनी शिकवलं होतं. आवाज आला, अगदी घोळीसारखा. आधी पुढून, मग मागून. पुन्हा पुढून, मग मागून.

"घोळ मासे सगळे एकदम कालवा करतात, पोरी. पाळी लावून नाही बोलत. तुझा बंद कर बघू."

तिने बटण दाबलं. पुढून दोनदा आवाज आला. उत्तर मिळालं नाही. मग पुढच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'मागचा कन्सोल सुरू करा. इथे मासळी नाही. जाळं टाकू नका.'

"आता काय करायचं?" मोतनने विचारलं.

हिराजीने ओठांवर बोट ठेवलं आणि नुसत्या हाताने खूण केली, टाक जाळं.