चारशे ग्रॅम

काट्यावर नौशीनचं वजन भरलं ऐंशी किलो सहाशे ग्रॅम. वजन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, चारशे ग्रॅमवर अडलंय, नऊपर्यंत काटा चालू आहे. आणि त्यांनी पुढच्या पोरीला हाक मारली. नौशीननं अर्धंच ऐकलं. रबरी जाकीट अंगात चढवून ती साताऱ्याच्या त्या स्टेडियमच्या पायऱ्या वरखाली पळायला लागली. तिची आई अकिला खालून "पळ, पळ" करत होती.

समोरच्या बाकावर बसलेल्या कृष्णात आबांनी कपाळाला हात लावला. हा गट बॉक्सिंगमधला सगळ्यात वरचा, एक्क्याऐंशी किलोच्या पुढचा. इथं वजन उतरवायचं नसतं, भरायचं असतं. पण पोरगी गेल्या सालापर्यंत खालच्या गटात खेळलेली. काट्याआधी उपाशी राहायचं आणि घाम गाळायचा, एवढंच तिला ठाऊक. तिला शिकवणारे सर आज दुसऱ्या पोरांना घेऊन पुण्याला गेलेले. तांब्याभर पाण्याचं काम होतं, आणि ही बया होतं तेवढंही वजन पायऱ्यांवर सांडत होती.

आबांची नात प्रियदर्शनी हाताला पट्ट्या बांधून शेजारी उभी होती. जिल्ह्यात या गटात दोघीच. नौशीन काट्यावर हुकली की प्रियदर्शनी न खेळता थेट राज्य स्पर्धेला. गेल्या साली दोघी खालच्या गटात होत्या तेव्हा नौशीननं तिला दोनदा हरवलं होतं. दुसऱ्यांदा तर पार धुऊन काढलं होतं. प्रियदर्शनीला आबांनी सकाळी चार केळी खायला घालून, तांब्याभर दूध पाजून आणलेलं, त्यामुळं समोर काय चाललंय ते तिलाही कळत होतं. ती आबांकडं बघत नव्हती. आठ चाळीस झाले होते. वीस मिनिटं नुसतं गप्प बसायचं. गप्प बसणं हे काही पाप नव्हे, असं आबांनी स्वतःला दोनदा समजावलं.

शाळेत 'सूर्य उगवलाच नाही तर' असा निबंध घालतात ना, तसा आबांचा जन्मभराचा एकच निबंध होता: मोहम्मद अली नसता तर. गावी मलकापुरात चहाच्या गाड्यावर तो सगळ्यांना तोंडपाठ झालेला. अली नसता तर त्याच्याशी तीनदा भिडलेला फ्रेझर जगाचा बिनधोक राजा झाला असता. मग फोरमन गादीवर बसला असता तो म्हातारपणापर्यंत उठला नसता. एकट्या माणसानं किती जणांची वाट अडवली, गड्या! आबा नेहमी फ्रेझरची बाजू घ्यायचे, कारण फौजेत बॉक्सिंग खेळताना ते स्वतः फ्रेझरच होते. त्यांचा अली म्हणजे माण तालुक्यातला हवालदार लालासाहेब. त्याच्याकडून ते चारदा हरले.

आता अलीशिवायचं जग वीस मिनिटांवर येऊन उभं होतं. आबांना मात्र फौजेतलं एक साल आठवलं.

त्या साली लालासाहेबाला कावीळ झाली, फायनल झालीच नाही आणि सोन्याचं पदक आबांच्या गळ्यात पडलं. ते अजून पेटीत आहे. चाळीस वर्षांत त्याची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगणार काय, कपाळ? गाड्यावर सांगायचे ती लालासाहेबानं त्यांचं नाक फोडलं त्या लढतीची, आणि लोक चहा गार होईस्तोवर ऐकायचे. खरं बोलायचं तर, अली नसता तर फ्रेझर हे नाव तरी मलकापूरपर्यंत कशाला आलं असतं?

आठ पन्नासला नौशीन दमून पायरीवर बसली. अकिला तिच्या मानेवरचा घाम पदरानं टिपत होती. आबांनी पाण्याची बाटली उचलली. प्रियदर्शनीनं त्यांची बाही धरली.

"ती मला पुन्यांदा हरवंल, आबा."

"हरवंल की."

तिनं बाही सोडली, पण तोंड फिरवलं.

समोरच्या बाजूचा म्हातारा आपल्या पोरीला पाणी पाजायला आलाय म्हटल्यावर अकिला बाटलीकडं संशयानं बघायला लागली. साहजिकच होतं. आबांनी आधी स्वतः एक घोट घेतला, मग तिला समजावलं, की ताई, पोरीला उतरवू नका, चढवा. हिला वजन कमी पडतंय. नौशीननं लिटरभर पाणी एका दमात संपवलं. नऊला दोन मिनिटं कमी असताना काट्यानं एक्क्याऐंशी किलो दोनशे दाखवले.

दुपारी लढत झाली. पाचांतल्या तीन पंचांनी नौशीनला कौल दिला.

आबा नातीला भिंतीकडं घेऊन गेले आणि खाली बसून तिच्या पट्ट्या सोडवायला लागले. त्यांना मान वर करवेना.

"माझंच चुकलं, पोरी. गप बसलो असतो तर तू आज राज्याला गेली असतीस."

प्रियदर्शनीचं तिकडं लक्षच नव्हतं. वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता, आणि ती हसत होती.

"दुसऱ्या राऊंडला ती गुडघ्यात वाकली, आबा. पंचानं थांबवून आकडे मोजले तिच्यावर, दहा झाले असते तर बादच. नौशीनला! बघितलं न्हवं तुमी?"

आणि सुटलेल्या हातांची बोटं एकेक उघडत तिनं त्यांना आठपर्यंत मोजून दाखवलं.