डाव्या हाताचा चुडा

पहिली बांगडी योगिताच्या डाव्या हातात गेली काय अन् खाली आली काय! मनगटावर टेकायच्या आधीच घरंगळली, ओसरीच्या फरशीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. जमलेल्या बायका माना पुढं काढून बघायला लागल्या.

"वाढली गं बाई, वाढली!" तिची आई बायडाबाई घाईघाईनं म्हणाली. उद्या लेक बोहल्यावर चढायची, आणि आज चुडा भरताना बांगडी फुटली असं तोंडानं कोण म्हणेल?

उजवा हात हिरव्यागार काचेनं कधीच भरला होता. पंचाईत होती ती डाव्याची. जन्मापासून योगिताच्या डाव्या बाजूला छातीचा एक स्नायूच नव्हता, आणि त्याच बाजूचा हात लहानसा, बोटं आखूड, त्यातली दोन एकमेकींना चिकटलेली. डॉक्टरांनी याला पोलंड सिंड्रोम म्हणतात असं सांगितलं, तेव्हा तिचा बाप हात जोडून म्हणाला होता, "आमच्यातलं तिकडं कुणीच गेलतं न्हाई ओ साहेब." घरात अजून त्यावर हसत. पण आज हसायची सोय नव्हती. बांगडी पंजाला अडते म्हणून हातात राहते. इथं पंजाच एवढासा, तर ती अडणार कशाला?

"दोऱ्यानं एकीला एक बांधू," आई म्हणाली, "अन् वर बाहीला पिन लावू. शालूचा पदर हायच झाकायला."

"राहू दे आई, मोकळाच राहू दे." योगितानं हात पदराखाली ओढून घेतला. "तसंबी त्येंला हा हात बघायचा न्हाईच."

"कोण म्हणलं गं तसं?" बांगड्या भरणारी अमीरबी म्हणाली. नेकनूरच्या बाजारात तिचं दुकान. या गावातल्या निम्म्या बायकांचे चुडे तिच्याच हातचे.

बोलली योगिताची मावशी, आणि चांगली फणकाऱ्यानं बोलली. नवरदेव रामेश्वर बघायला आला तेव्हा पोरीनं स्वतः हात पुढं करून सगळं सांगितलं होतं. "बरं," एवढंच म्हणून गड्यानं चहा दुसऱ्यांदा मागून घेतला होता. सगळ्यांना वाटलं, सोन्यासारखा पोरगा. मग साखरपुड्यात काय बिनसलं कोण जाणे! पाटावर बसल्या बसल्या त्यानं योगिताचं डावं मनगट हळूच धरलं, सोडलं, आणि तिथून पुढं आपला उजवा हात असा अंगापासून लांब धरून बसला, की जणू विंचू चावला. वडीलधाऱ्यांच्या पाया पडला तो एका हातानं. पुरणपोळीचं ताट तसंच सरकवलं. स्वतःची मोटारसायकल नाथा नावाच्या मित्राच्या हवाली केली आणि मागं बसून निघून गेला.

"आमाला वाटलं जावई रुसला. मामा तर घड्याळ पाहिजे का म्हणून इचारायला निघालते," मावशी म्हणाली.

"रुसले नव्हते. हात लागला अन् किळस आली," योगिता म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. आतापर्यंत तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचे फोन यायचे, ती हं-हं करून ठेवून द्यायची.

अमीरबी आधी आ वासून बघत राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली, की पेटीतल्या बांगड्यासुद्धा किणकिणल्या.

"या अल्ला! अगं, उद्या मांडवात तुझा डावा हात भरीपर्यंत सांगायचं न्हाई अशी कसम घातलीय त्यानं मला, म्हणून आज साधीच घातली. पण तू रडती म्हणल्यावर कशाची कसम न् काय!"

तिनं पेटीच्या तळातून फडक्याची एक पुरचुंडी काढली. मग उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून गोल केला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"त्या दिवशी असा हात धरून माझ्या दुकानात आला. मी म्हणलं, कावून रे बाबा, लकवा मारला का काय हाताला? तर म्हणला, चाची, ह्ये माप हाय, हलवलं तर बिघडंल. म्हणलं, येड्या, दोऱ्याचा तुकडा मिळाला न्हाई का तुला? तर म्हणला, समद्यांदेखत दोरा काढला असता, तर तिला लई वाईट वाटलं असतं."

अमीरबीनं पुरचुंडीची गाठ सोडली, आत बारक्या हिरव्या बांगड्या होत्या.

"लहान पोरींच्या बांगड्या त्याच्या बोटांत घालून घालून बघितल्या. एक घट्ट, तर एक ढिली. मंग बीडहून मागवल्या. अन् बोटं अशी आखडलीती बिचाऱ्याची, मीच तेल लावून चोळून सोडवली. आण तो हात इकडं."

योगितानं हात पदराबाहेर काढला आणि अमीरबीच्या मांडीवर ठेवला. अमीरबीनं साबणाचं पाणी लावलं, एवढासा पंजा आपल्या मुठीत दाबला, आणि बांगडी सरकवली. ती मनगटावर जाऊन बसली. मग दुसरी, तिसरी. बायडाबाईनं तोंडाला पदर लावला होता, ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच माहीत.

हात भरला तशी योगितानं तो खाली सोडला. भीतभीत हलवला. मग जोरात हलवला. किणकिण झाली, पण एकही बांगडी खाली आली नाही. मावशीनं सवयीनं पदर पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

बराच वेळ ती त्या हाताकडं बघत राहिली. मग एकदम दचकून तिनं वर पाहिलं.

"चाची," ती म्हणाली, "मंग त्या दिवशी त्ये जेवले कवा?"